ब्रेसलेट किट: इलॅस्टिकची गाठ सुटतेय, 'ए' संपलेत आणि पार्टी रविवारी आहे

गोंधळीआई

नमस्कार मंडळी, जरा घाईत मदत हवी आहे. लेक येत्या रविवारी आठ वर्षांची होतेय. यंदा तिने जाहीर केलंय की जादूगार नको, गेम्स नकोत, सगळ्यांनी बसून मण्यांची ब्रेसलेट करायची आणि जी करतील ती घरी न्यायची. रिटर्न गिफ्टचा प्रश्न परस्पर मिटतोय म्हटल्यावर मी पण लगेच हो म्हणून टाकलं. मामाने तिला किट पाठवलंय, ते कप्प्याकप्प्यांचा पारदर्शक डबा असतो ना तसलं, चोवीस रंगांच्या चपट्या मऊशा चकत्या, पांढरे गोल अक्षरांचे मणी, थोडी फुलं थोडे स्मायली, एक बारकी कात्री आणि पारदर्शक इलॅस्टिकचं रीळ. दिसायला एकदम भारी.

पण आम्ही दोघींनी नमुन्याला म्हणून करून बघितली तर गाठ मारली की थोड्या वेळाने आपोआप सुटते, आणि ज्यांची सुटली नाही ती दुसऱ्या दिवशी ढिली होऊन मण्यांमधून दोरा दिसायला लागला. अक्षरांचं तर विचारूच नका, आराध्या नावाची मैत्रीण आहे तिच्या एका नावातच चार 'ए' गेले, क्यू आणि एक्स मात्र ढीगभर पडलेत. येणार आहेत दहा जणं, त्यात दोन चुलतभावंडं पाच वर्षांची, आणि घरात धाकटा अडीच वर्षांचा, ज्याला जगातली प्रत्येक गोष्ट तोंडात घालून बघायची असते. दोरा कुठला घेऊ, गाठ कशी मारू, एवढ्या मुलांना हे किट पुरेल का, आणि मणी घरभर होऊ नयेत म्हणून काय करता तुम्ही लोक? नवरा म्हणतोय सरळ पिझ्झा मागव आणि टीव्ही लाव.

पमाआत्या

मणी ठेव, रीळ बाजूला काढ. या किटांमधे मणी बहुतेक वेळा ठीकच असतात, हात आखडता घेतलेला असतो तो दोऱ्यात. रुखवताची मोत्याची तोरणं, महिरपी, बैलजोडी असलं सगळं मी वर्षानुवर्षं केलंय, ते तंगुसात (नायलॉनचा पारदर्शक दोरा), पण तंगूस ताणत नाही त्यामुळे मुलांच्या मनगटात घालायच्या ब्रेसलेटला तो कामाचा नाही, हुक लावावा लागतो. तुला इलॅस्टिकच पाहिजे, पण चांगलं. दुकानात जाडी विचारून घे, या चकत्यांना आणि अक्षरांना ०.८ मिमी बरोबर बसतं. मोठ्या भोकाचे प्लास्टिकचे मणी असतील तर १ मिमी. त्याहून बारीक दोरा मोठ्या भोकात घातला की गाठच भोकातून आरपार निघून जाते.

आता ढिलं पडण्याचं. कारण अगदी साधं आहे, नवीन इलॅस्टिक आधी ताणून घ्यावं लागतं. तुकडा कापला की दोन्ही हातात धरून चारपाच वेळा सावकाश, चांगला ताणायचा, मग ओवायचं. नाहीतर जो ढिलेपणा यायचा तो हातात घातल्यावर येतो आणि मधे फट दिसते. हे काम मुलांना द्यायला छान आहे बरं का, सगळी मिळून ताणत बसतात.

गाठ: आपली नेहमीची दुहेरी गाठ या पारदर्शक इलॅस्टिकवर टिकत नाही कारण ते गुळगुळीत असतं, सरकतं. पहिली गाठ घेताना टोक फासातून एकदा न घालता दोनदा घालायचं, मग ओढायचं, त्यावर उलट दिशेने तसंच परत एकदा. डॉक्टर टाके घालताना मारतात ती गाठ हीच. ओढताना इलॅस्टिक थोडं ताणलेलं असू दे म्हणजे गाठ दाबून बसते. टोकं अगदी गाठीशी कापू नकोस, दोनतीन मिलीमीटर ठेव आणि शेजारच्या मोठ्या भोकाच्या मण्यात गाठ ओढून लपव. म्हणून सुरुवात आणि शेवट नेहमी जरा मोठ्या भोकाच्या मण्याने करायचा.

आणि ती सेकंदात चिकटणारी गमची ट्यूब असते ना, ती लावू नकोस. वाळली की कडक होते, इलॅस्टिक तिथे ताणायचं बंद होतं आणि बरोब्बर गाठीच्या शेजारी तुटतं. शिवाय मुलांची बोटं चिकटतात ते वेगळंच. लावायचंच तर ट्रान्सपरंट नेलपेंटचा एक थेंब, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत हातात घालायचं नाही.

निवांतबाबा

आत्यांच्या गाठीबद्दल बोलायची माझी हिंमत नाही पण मला विचाराल तर इलॅस्टिकच टाळा. मेणाचा सुती दोरा मिळतो, रंगीत, १ मिमीचा, तो या चकत्यांच्या भोकातून आरामात जातो, टोक मेणाने कडक असल्याने सुई लागत नाही, आणि दोन्ही टोकांना एकमेकांवर सरकगाठ मारली की ब्रेसलेट लहानमोठं करता येतं. म्हणजे मनगटाचं माप घ्यायची भानगडच नाही आणि पुढच्या वर्षी पण तेच चालतं. राखीला असतं तसं. तुटायचा प्रश्न नाही, ढिलं पडायचा प्रश्न नाही. आमच्याकडे दोन्ही मुलांची तशीच आहेत आणि पोहायला जाताना सुद्धा काढत नाहीत (काढा म्हणून सांगून थकलो).

मणी सांडण्यावर उपाय: आप्पेपात्र. मी गंमत करत नाहीये. सात-बारा खळगे असतात, प्रत्येकात एक रंग, मुलांची बोटं आत जातात, उलटं होत नाही कारण जड असतं. आमच्याकडचं बीडाचं आहे. शेजारीपाजारी मागितलीत तर चारपाच सहज गोळा होतील. खाली ताटात जुना टॉवेल अंथरायचा, टर्किश, म्हणजे मणी घरंगळत नाही, जिथे पडतो तिथेच बसतो. आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कागदाला लावायचा काळा चिमटा, नाहीतर एका बाजूने ओवतायत आणि दुसऱ्या बाजूने गळतायत हे ठरलेलं.

पमाआत्या

बाबा, सरकगाठ उत्तम आहे यात वाद नाही, पण दहा मुलं, प्रत्येकाच्या दोन सरकगाठी, आणि गाठ मारता येणारी मोठी माणसं किती? रांग लागेल. तुम्ही तुमच्या दोन मुलांचं घरी निवांत केलंत. पार्टीत सगळी एकदम "काकू माझं झालं" म्हणून उभी राहतात. तिथे इलॅस्टिकची एक गाठ परवडते.

आप्पेपात्र मात्र मी आजच काढते.

सोनचाफा_सिंगापूर

'ए' संपण्याचं दुःख माझ्याइतकं कुणाला कळणार. मिक्स पाकिटात सगळी अक्षरं साधारण सारखीच टाकलेली असतात, आणि आपल्या नावांची इंग्रजी स्पेलिंगं म्हणजे दर अक्षरामागे एक ए. आरव, सान्वी, स्वरा, अद्वैत, काव्या, कुणालाही घ्या, दोन-तीन ए नक्की. मग वाय, एच, आर, एन संपतात. त्यामुळे मिक्स पाकीट दुसरं घेण्यात अर्थ नाही, परत तेच होणार. एकाच अक्षराची सुटी पाकिटं मिळतात ती घ्या, ए चं एक मोठं आणि आय, एच, आर, एन, एस ची छोटी. आधी पाहुण्यांची नावं कागदावर लिहून अक्षरं मोजून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

इथे २०२४ च्या मार्चमध्ये टेलर स्विफ्टचे सहा शो झाले तेव्हा तिचे फॅन्स एकमेकांना मण्यांची ब्रेसलेट देतात-घेतात हे वेड आमच्या घरात पण शिरलं. माझी थोरली आणि तिच्या मैत्रिणी हातभर घालून गेल्या आणि अनोळखी मुलींशी अदलाबदल करून वेगळीच घालून आल्या. ते तुमच्या पार्टीत पण करता येईल, प्रत्येकीने दोन करायची, एक आपल्याला आणि एक चिठ्ठीत जिचं नाव येईल तिला. शेवटचा अर्धा तास मजेत जातो आणि "माझं तिच्याहून वाईट झालं" हे रडगाणं जरा कमी होतं, कारण तिचं तुमच्याकडे येतं.

आणि हो, देवनागरीत नावं हवी असतील तर छापील मणी शोधत बसू नका. साधे, न रंगवलेले लाकडाचे गोल मणी घ्या, ८ किंवा १० मिमीचे, आणि बारीक टोकाच्या परमनंट मार्करने लिहा. एका मण्यावर एक अख्खं अक्षर, काना-मात्रा-जोडाक्षरासकट, म्हणजे आराध्या तीन मण्यात बसते! इंग्रजीत आठ लागतात. वरून ट्रान्सपरंट नेलपेंट, पण आधी एका मण्यावर करून बघा, काही मार्कर नेलपेंटखाली पसरतात. इथल्या आमच्या मराठी शाळेत आम्ही हा प्रकार करतो, ज्या मुलांना एरवी अक्षरं गिरवायचा कंटाळा ती पण स्वतःचं नाव लिहायला बसतात.

कानघसा

मी कान-नाक-घसा डॉक्टर आहे, आणि मण्यांशी माझी ओळख वेगळ्या वाटेने झालेली आहे, मुलांच्या नाकात-कानात घातलेले काढण्यातून. पार्टीचा विरस करायचा नाहीये, तुमच्या आठ वर्षांच्या मुलींची मला काळजी नाही. अडीच वर्षांच्या मुलाची आहे. असल्या किटवर 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं लिहिलेलं असतं ते त्याच्यासाठीच. त्याला त्या वेळात दुसऱ्या खोलीत आजी-आजोबांकडे नाहीतर बाबांबरोबर बाहेर पाठवा (पिझ्झा आणायला पाठवा की, दोघांचं काम होईल), आणि पार्टी संपल्यावर तो परत यायच्या आत जमीन बघून घ्या. नुसता केर काढून भागत नाही. दिवे मालवून टॉर्च जमिनीला आडवा धरा, मणी चमकतात किंवा त्यांची सावली पडते, एकूण एक सापडतात.

नाकात मणी गेलाच तर चिमट्याने, पिनेने, बोटाने काढायला जाऊ नका, तो मागे ढकलला जातो. गोल गुळगुळीत मणी चिमट्यात धरताच येत नाही. डॉक्टरकडे आणा. आणि मूल सांगतंच असं नाही, एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड बरेच दिवस येत असला तर आम्ही आधी आत काही अडकलंय का ते बघतो. मणी गिळला आणि मूल नीट श्वास घेतंय, खातंपितंय, तर बहुतेक वेळा तो शीतून निघून जातो, तरी डॉक्टरांना फोन करा. पण खोकला, घरघर, श्वासाला त्रास, लाळ गळणं यातलं काहीही असलं तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

दोन गोष्टी किटमधे असतील तर आधीच काढून टाका: चुंबकाचे मणी किंवा चुंबकाचं लॉक, आणि पाण्यात फुगणारे ते जेलीसारखे मणी. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढून धरतात आणि आतडं फाटू शकतं. फुगणारा मणी आत जाऊन फुगतो आणि वाट अडवतो. कुठेकुठे क्राफ्टच्या नावाखाली एकाच डब्यात विकतात म्हणून सांगितलं. आणि डब्यावर आयएसआय मार्क आहे का बघा, भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना तो सक्तीचा आहे. ऑनलाइन सुटं येणाऱ्या बऱ्याच मालावर दिसत नाही.

गोंधळीआई

डॉक्टर, धाकट्याला पिझ्झा आणायला पाठवायची आयडिया नवऱ्याला वाचून दाखवली, तो म्हणाला फोरमवर पहिल्यांदाच कोणीतरी शहाणं भेटलं. डबा तपासला, चुंबक नाहीत.

सोनचाफा, आराध्या तीन मण्यात! हे मला सुचलंच नसतं. पमाआत्या, तुमची गाठ जमली, काल रात्री केलेलं आज दिवसभर लेकीच्या हातात आहे, शाळेत सोडून. आता फक्त हिशोब सांगा कोणीतरी, दहा जणांना प्रत्येकी दोन म्हणजे किती मणी लागतील आणि लांबी किती धरायची? आणि पुण्यात कुठे जाऊ, ऑनलाइन रविवारपर्यंत येईल याचा भरवसा नाही.

तिखटमीठ

पुण्यात असाल तर रविवार पेठ, बोहरी आळी आणि आजूबाजूच्या गल्ल्या. मणी, मोती, लेस, हुकं, दोरे सगळं किलोवर आणि पाकिटावर मिळतं. गाडी नेऊ नका, सकाळी अकराच्या सुमारास जा, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. तुळशीबागेत पण मिळतील पण तिथे तयार माल जास्त, सुटे मणी कमी. (मुंबईवाले वाचत असतील तर भुलेश्वर आणि क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रेहमान स्ट्रीट.) दुकानात भोक बघून घ्या, भोकाची कड बोटाला खरखरीत लागली तर तो मणी इलॅस्टिक कापणार. काचेच्या स्वस्त मण्यांमधे आणि धातूच्या चार्म्समधे (ती बारकी लटकनं असतात ना) हे फार. धातूचे चार्म्स तसेही घेऊ नका, निकेलने काही मुलांच्या मनगटाला पुरळ येतं आणि स्वस्तातल्यात शिसं असण्याचीही भीती असते, एवढुशा फुलपाखरासाठी कोण भानगड करणार.

हिशोब असा. आठ वर्षांच्या मुलीचं मनगट साधारण १४ सेंमी धरा, तरी आयत्या वेळी दोरा गुंडाळून मापाच, हाडापेराने फरक पडतो. पण ओवायची लांबी १४ नाही. मणी जाड असला की आतली जागा तेवढी खातो, ६ मिमी रुंद चकती असेल तर जवळजवळ २ सेंमी जास्त, मोठ्या ८-९ मिमीच्या मण्यांना अडीच-तीन सेंमी जास्त. मनगटाएवढंच ओवलं आणि मग घट्ट होतंय म्हणून ताणून घातलं की गाठ जाणार, मग दोष इलॅस्टिकला.

तर चकत्यांचं ब्रेसलेट १६ सेंमी, चकती साधारण १ मिमी जाड, म्हणजे अक्षरं सोडून सवाशे-दीडशे चकत्या. आता तुम्हीच सांगा, आठ वर्षांचं मूल दीडशे चकत्या एकेक करून ओवणार, त्यात दोन ब्रेसलेट? पाऊण तासात निम्मी मुलं उठून पळतील. किटच्या डब्यावर पाच-सहा हजार पीस लिहिलेलं असतं त्यामुळे मणी पुरतील, मुलांचा धीर पुरणार नाही. माझं मत, चकत्या फक्त मधे मधे रंगाला वापरा आणि बाकी ते मोठ्या भोकाचे प्लास्टिकचे पिंपासारखे मणी घ्या, पोनी बीड्स म्हणतात, ६ बाय ९ मिमी. १७ सेंमीला जेमतेम २८ लागतात. वीस ब्रेसलेटना ५६० झाले, सांडासांड धरून सातआठशे घ्या. इलॅस्टिक प्रत्येकी ३० सेंमी कापा, गाठ मारायला हातात टोक यायला पाहिजे, म्हणजे वीसला सहा मीटर आणि वाया जाणार ते वेगळं, दहा मीटरचं रीळ बास.

तुकडे आदल्या रात्री कापून, ताणून, एका टोकाला चिमटा लावून तयार ठेवा. पार्टीत कात्री बाहेर काढायचीच नाही.

निवांतबाबा

आणि पाच वर्षांची ती दोन चुलतभावंडं? त्यांना इलॅस्टिक देऊ नका, लुळं असतं, भोकात जात नाही, मग रडारड. पाइप क्लीनर द्या, ती केसाळ तार असते ना. कडक असते म्हणून मणी पटापट जातात आणि मणी घसरून पडत नाही कारण केस धरून ठेवतात. शेवटी दोन टोकं एकमेकांत पिळायची, टोचणारी टोकं आत दुमडायची, झालं ब्रेसलेट. गाठ नाही, काही नाही. पोनी बीड्स त्यात मस्त बसतात.

मुलगे आहेत का पार्टीला? असतील तर "मी नाही घालणार ब्रेसलेट" ऐकायची तयारी ठेवा. आमच्याकडे त्यावर उपाय म्हणजे कीचेन, तेच मणी, तोच दोरा, वर एक कडी, दप्तराच्या चेनला अडकवायचं. निळा-सोनेरी, पिवळा, लाल-काळा हे रंग वेगळे काढून ठेवा, आयपीएलच्या टीमचे म्हटलं की सगळे बसतात. माझ्या मुलाच्या शाळेत हातात काही घातलेलं चालत नाही पण दप्तराला कोणी काही म्हणत नाही.

सोनचाफा_सिंगापूर

कीचेनला +१. मुलींना पण द्या हो तो पर्याय, मुलांनाच कशाला.

गोंधळीआई

तीन मुलगे आहेत, त्यातला एक सीएसके, त्यामुळे पिवळे वेगळे काढते. उद्या अकराला रविवार पेठ, आप्पेपात्रं दोन मिळाली आहेत, तिसरं वरच्या काकूंकडे आहे पण त्यांनी कशाला पाहिजे विचारल्यावर मी मणी ठेवायला म्हटलं तर त्या गप्पच बसल्या. दोन-दोन ब्रेसलेटचा बेत ठेवलाय, दुसरं छोटं, जमलं तर. नावं लाकडी मण्यांवर, देवनागरीत, ती मी आधीच लिहून नेलपेंट लावून ठेवणार कारण दहा मुलं आणि परमनंट मार्कर हे माझ्या सोफ्याला परवडणारं नाही. एकच शंका राहिली, आत्या, लाकडी मण्यात गाठ लपते का? भोक मोठं दिसतंय पण आतून खरखरीत आहे.

पमाआत्या

लाकडीत लपवू नकोस, आतला खडबडीतपणा इलॅस्टिकला घासतो. नावाचे लाकडी मणी मधोमध येऊ देत, गाठ बरोब्बर विरुद्ध बाजूला पोनीमधे जाऊ दे, मनगटाच्या आतल्या अंगाला, म्हणजे दिसतही नाही. लाकडी मण्याचं भोक आधी काडीला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून आतून दोनदा फिरवून घे, फुंकर मार, मग लिही. आणि नावं लिहिलेले मणी ओवायच्या क्रमाने तारेत घालून ठेव गं बाई, नाहीतर रविवारी आराध्याची ध्याराआ होईल.